घराचा हप्ता ठरवण्याआधी: वसुलीच्या टेबलावरून सांगलीकरांना

विश्रामबागेतल्या एका अपार्टमेंटच्या तिसऱ्या मजल्यावर ताबा नोटीस चिकटवायला गेलो होतो. दारात सकाळची ताजी रांगोळी होती. बाईंनी दार उघडलं, माझ्या हातातला कागद आणि शिपायाच्या हातातली खळीची वाटी पाहिली आणि म्हणाल्या, "थांबा जरा साहेब, गॅसवर दूध आहे. तेवढं बंद करून येते." आल्या, आणि कागद सरळ चिकटावा म्हणून स्वतःच दाराची फळी हाताने दाबून धरली.

बँकेत परत आल्यावर फाईल काढली. कर्ज मंजुरीच्या टिपणावर सही माझीच होती. वसुलीत बदली व्हायच्या आधी मी बँकेच्या कर्ज विभागात होतो. फाईल चोख होती. नवऱ्याचा कुपवाड एमआयडीसीतला पगार हातात ४४ हजार, कर्ज २५ लाख, दर साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं, हप्ता २१,६९६. नियमात बसत होतं म्हणून मंजूर झालं.

फाईलमध्ये काय नव्हतं, ते नोटीस लावायच्या आधी त्यांच्याशी बोलताना कळलं होतं. मार्जिनचे, म्हणजे घराच्या किमतीतले आपण स्वतः भरायचे पैसे कमी पडले म्हणून पतसंस्थेतून घेतलेलं कर्ज, त्याचा हप्ता ६,२००. बाईंच्या पाटल्या आणि गंठण सोनेतारण, त्याचं व्याज महिन्याला दीड हजार. सोसायटीचा मेंटेनन्स आणखी दीड हजार. म्हणजे ४४ मधून जवळजवळ ३१ हजार महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच जात होते. उरलेल्या १३ हजारांत चार माणसं, दोन शाळा आणि एक मोटारसायकल. कंपनीतला ओव्हरटाइम बंद झाला आणि पाचव्या महिन्यात खातं थकलं.

बँकेच्या फाईलमधला आकडा आणि घरातल्या वहीतला आकडा हे दोन वेगळे आकडे असतात. बँक तुमची पात्रता काढते ती स्वतःचे पैसे परत येतील का हे बघायला. नाही आले तर तिच्याकडे घर तारण आहेच. घर टिकेल का, हा हिशोब तुमचा तुम्हालाच करावा लागतो आणि तो टोकन द्यायच्या आधी करायचा असतो. पुढचं सगळं त्या वहीबद्दल आहे.

वही उघडा, आणि सहा महिने हप्ता "भरून बघा"

एका पानावर घरात येणारी खात्रीची रक्कम लिहा. हातात येणारा पगारच लिहायचा. सीटीसी (कंपनी कागदावर दाखवते तो वर्षाचा एकूण पगार), दिवाळी बोनस, ओव्हरटाइम, "पुढच्या वर्षी वाढेल" यातलं काही नाही. दुसऱ्या पानावर बँकेला न सांगितलेलं सगळं लिहा: पतसंस्था, भिशी, सोनेतारण, मेहुण्याकडून घेतलेले हातउसने, गाडीचा हप्ता, गावाकडे दर महिन्याला पाठवता ते. आणि एक ओळ हमखास विसरतात, तुम्ही कुणाला जामीन आहात का?

आपल्या भागात जामीन राहणं हा नात्याचा भाग झालाय. "सही तर करायचीय, पैसे कुठं द्यायचेत" म्हणत लोक सह्या करतात. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक आधी त्याच्याकडे जाईल आणि मग तुमच्याकडे, असा काही क्रम नाही. चुलतभावाचं ट्रॅक्टरचं कर्ज थकलं आणि त्याच्या जामीनदाराचा घरहप्ता चुकला, अशा फाईली मी एका वर्षात तीन हाताळल्यात.

आता माझं मत, बँकेचा नियम नव्हे: घराचा हप्ता खात्रीच्या हातातल्या रकमेच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नका, सगळे हप्ते मिळून चाळीस टक्क्यांच्या आत ठेवा. बँक पन्नास, कधी साठ टक्क्यांपर्यंतही जाते. जाऊ दे तिला.

आकडा काढला की तो खरा आहे का हे तपासायची एक सोपी पद्धत आहे. समजा आज भाडं ८ हजार देताय आणि हप्ता २१ हजार बसणार आहे. वरचे १३ हजार आणि अंदाजे मेंटेनन्सचे दीड हजार, असे साडेचौदा हजार पुढचे सहा महिने रिकरिंगमध्ये टाका. दर महिन्याला, पगाराच्या दुसऱ्या दिवशी. सहा महिन्यांत एकदाही हात आखडला नाही, दवाखाना, लग्नाचे अहेर, जूनमधली शाळेची फी हे सगळं निभलं, तर हप्ता तुमचा आहे. चौथ्या महिन्यात रिकरिंग मोडावं लागलं तर कर्ज पाच-सात लाखांनी कमी करा किंवा वर्षभर थांबा. यात तुमचं काही जात नाही, उलट ८७ हजार साठतात.

शेती हेच मुख्य उत्पन्न असेल तर हा हिशोब बदलतो. उसाचं बिल १४ दिवसांत मिळायला हवं असं कायदा म्हणतो. कधी मिळतं हे वाळवा किंवा पलूसच्या शेतकऱ्याला विचारा. तासगावकडची द्राक्षबाग एका अवकाळीत हातची जाते. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेलाच जातो. अशा घरांनी मागच्या पाच वर्षांतलं सगळ्यात वाईट वर्ष धरून हप्ता ठरवावा, आणि पैसे येतील त्या दिवशी पुढच्या बारा हप्त्यांची रक्कम वेगळ्या खात्यात टाकून तिथूनच हप्ता वळता करावा. हंगामात एकदा दणकून भरू, हे बँकेच्या संगणकाला कळत नाही.

घराची किंमत म्हणजे बिल्डर सांगतो ती नव्हे

३५ लाखांचा फ्लॅट धरू. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येतं. पण ही किंमत मुद्रांक आणि नोंदणी सोडून धरतात, म्हणजे तो खर्च तुमच्या खिशातून. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क साधारण ६ टक्के. खरेदी फक्त बाईंच्या नावावर असेल तर त्यात १ टक्का सवलत. करारातली रक्कम आणि रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दराने निघणारी किंमत, यात जी जास्त, तिच्यावर ते लागतं. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. काम चालू असलेल्या इमारतीत जीएसटीही येतो: आपल्यासारख्या शहरात ४५ लाखांच्या आतला आणि ९० चौरस मीटर कार्पेटच्या आतला फ्लॅट असेल तर १ टक्का, नाहीतर ५ टक्के. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला जीएसटी नाही. बिल्डर तिथेही मागत असेल तर दाखला दाखवायला सांगा.

मुद्रांक २ लाख १० हजार, नोंदणी ३० हजार, जीएसटी ३५ हजार, वकील आणि बँकेची प्रोसेसिंग फी, एमएसईबीचं मीटर, सोसायटीचं डिपॉझिट, ग्रिल, पंखे, किचनची ट्रॉली. वास्तुशांतीचं जेवण मी खर्चात धरतो, लोक धरत नाहीत. सहज चार ते पाच लाख. इथेच सोनं तारण जातं आणि पतसंस्थेचा अर्ज भरला जातो. मार्जिन आणि वरखर्च उधारीवर उभा राहत असेल, तर ते घर सध्या आपल्या ऐपतीचं नाही. दुसरा कुठलाच नियम पाळला नाही तरी हा पाळा.

दर वाढला तर

हप्ता कधी बदलत नाही, असं ज्यांना वाटत होतं त्यांचा समज २०२२ साली उतरला. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, मे २०२२ पर्यंत ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा झाला. ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांची नवीन फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराची गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या मापदंडाला जोडलेली असतात, त्यामुळे ही वाढ थेट कर्जदाराच्या अंगावर आली.

२५ लाख, २० वर्षं, दर पावणेसात टक्के: हप्ता १९,००९. तोच दर सव्वानऊ झाला तर हप्ता २२,८९७. महिन्याला ३,८८८ जास्त. हप्ता वाढवला नाही तर काय होतं? २५ लाखांवर सव्वानऊ टक्क्यांनी एका महिन्याचं व्याजच १९,२७१ होतं. म्हणजे जुन्या हप्त्यात व्याजसुद्धा निघत नाही. "माझा हप्ता तेवढाच आहे, मला काही फरक नाही पडला," असं तेव्हा काउंटरवर येऊन आनंदाने सांगणारे लोक मला आठवतात. त्यांची मुदत किती वर्षांनी वाढली होती हे त्यांना माहीतच नव्हतं.

ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलताना बँकेने कर्जदाराला विचारलं पाहिजे: हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, स्थिर दराकडे जायचा पर्यायही बँकेच्या धोरणानुसार द्यायला हवा. बँकेकडून असा मेसेज आला तर तो बघून सोडू नका, शाखेत जा. झेपत असेल तर हप्ता वाढवून घ्या. आणि कर्ज घेतानाच वहीत एक रकाना अडीच टक्के जादा दराचा करा. त्या हप्त्यातही तिसऱ्या हिश्शाचा नियम जवळपास टिकत असेल तरच पुढे जा.

वित्त कंपन्या आणि बऱ्याच सहकारी बँका स्वतःच्या मूळ दराला कर्ज जोडतात. तिथे रेपो खाली आला तरी दर खाली येईलच असं नाही. वर मात्र लवकर जातो, हा माझा अनुभव. दर कशाला जोडलाय, कधी बदलतो, हे सही करण्याआधी लेखी घ्या. ऑक्टोबर २०२४ पासून नव्या कर्जाबरोबर मुख्य तथ्यांचं एक पत्रक देणं बंधनकारक आहे. त्यात सगळे आकार धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. दोन बँकांची तुलना त्या एका आकड्यावर करा, होर्डिंगवरच्या दरावर नको.

जागा आणि कागद: इथे सांगलीचं वेगळं आहे

जप्तीचा विषय आणि सातबाऱ्याचा काय संबंध, असं वाटेल. संबंध असा की हप्ता झेपेनासा झाला तर घर विकून कर्ज फेडणं हा शेवटचा चांगला मार्ग असतो, आणि ज्या घराचे कागद कच्चे त्याला गिऱ्हाईक मिळत नाही. मिळालं तर त्याला कर्ज मिळत नाही.

पहिली गोष्ट पाणी. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. २००५ आणि २०२१ ही वर्षं गावभाग, सांगलीवाडी, कर्नाळ रस्त्यावरच्या लोकांना वेगळी सांगायला नकोत. बाहेरून येऊन घर घेणाऱ्याने मात्र महापालिकेकडे किंवा पाटबंधारे खात्याकडे पूररेषेचा नकाशा बघावा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला परवानगी नसते, दोन्हींच्या मधे निर्बंध असतात. नकाशा बघून झाला की साइटजवळच्या किराणा दुकानात बिस्किटाचा पुडा घ्या आणि विचारा, "एकोणीसला पाणी कुठपर्यंत आलं होतं ओ?" दुकानदार हात वर करून भिंतीवर जागा दाखवेल. मग इमारतीत जाऊन विजेचे मीटर आणि लिफ्टची मोटर त्या उंचीच्या वर आहेत का ते बघा. दुसरा मजला कोरडा राहिला तरी महिनाभर वीज नसली तर दुसरीकडे भाड्याने राहावं लागतं, आणि तेव्हा हप्ता थांबत नाही. एका पगारात भाडं, हप्ता आणि दुरुस्ती हे तिन्ही आलेली घरं २०१९ नंतर माझ्या टेबलावर रांगेने आली.

म्हणून घराचा विमा पुरासकट घ्या. फ्लॅटच्या बांधकामाचा वर्षाचा हप्ता साधारण एका कुटुंबाच्या हॉटेलातल्या जेवणाइतका असतो. पूर आलाच तर बँकेत लेखी अर्ज द्या. आपत्तीग्रस्त भागातल्या कर्जांची पुनर्रचना करायची तरतूद असते, पण ती न मागता मिळत नाही.

दुसरी गोष्ट गुंठेवारी. शामरावनगरपासून कुपवाडपर्यंत शेकडो प्लॉट असे विकले गेले: शेतजमीन, गुंठा-दोन गुंठे, एनए (बिगरशेती परवाना) नाही, लेआउट मंजूर नाही. २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली यातले बरेच नियमित झाले, २०२१ च्या दुरुस्तीने ती मुदत २०२० अखेरपर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढली. पण "अर्ज केलाय" आणि "प्रमाणपत्र आहे" यात फार अंतर आहे. नियमितीकरणाचं प्रमाणपत्र हातात नसेल तर मोठ्या बँका सहसा नाही म्हणतात. मग एखादी वित्त कंपनी चार-पाच टक्के जास्त दराने देते. तुम्ही महाग कर्ज घेऊन न विकली जाणारी जागा घेता. स्वस्त प्लॉट म्हणून नोटरी केलेला कागद किंवा निव्वळ मुखत्यारपत्र घेऊन आलेल्यांना मी दारातूनच परत पाठवायचो. खरेदीखत नोंदवलेलंच हवं.

बाकी कागद थोडक्यात. सातबारा आणि इतर हक्कातला बोजा, किंवा सिटी सर्व्हेत असेल तर प्रॉपर्टी कार्ड, मागचे फेरफार, एनए आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र. ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट स्वतःच्या वकिलाकडून घ्या, बिल्डरने दिलेल्या वकिलाकडून नाही. बँकेचा वकील बँकेसाठी बघतो. रिसेलचा फ्लॅट असेल तर विकणाऱ्याचं कर्ज चालू आहे का हे दुय्यम निबंधकाच्या ऑनलाइन नोंदींमध्ये आणि तारणांच्या केंद्रीय नोंदवहीत, ज्याला सेरसाई म्हणतात, तिथे बघता येतं. नवीन प्रकल्प ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर आणि आठपेक्षा जास्त फ्लॅटचा असेल तर महारेरा, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियामकाकडे नोंदणी लागते. नंबर टाकून प्रकल्प कधी पूर्ण होणार, किती फ्लॅट विकले, हे स्वतः वाचा. आणि करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, हे टोकन देताना लक्षात असू द्या.

काम अर्धवट असताना घर घेतलं तर ताबा मिळेपर्यंत भाडं आणि कर्जाचं व्याज दोन्ही चालतं. बिल्डर सांगेल त्या तारखेत एक वर्ष मिळवा आणि मग वहीत बसतंय का बघा.

सही करताना

मंजुरीपत्र घरी न्या, रात्री वाचा. दोन गोष्टी बघायच्या. एक, कर्जाच्या रकमेत विम्याचा एकरकमी हप्ता घुसवलाय का. बँकेने सांगितलेल्या कंपनीचाच विमा घ्यायची सक्ती करता येत नाही. विमा हवाच, पण बाहेरून साधी टर्म पॉलिसी घेतली तर स्वस्त पडते, आणि पैसे घरच्यांच्या हातात येतात. कमावणारी व्यक्ती गेली म्हणून जप्तीला आलेली घरं मी पाहिलीत. टर्म पॉलिसी असती तर ती फाईल माझ्याकडे आलीच नसती. दोन, मुदतीआधी फेडल्यास दंड. व्यक्तीला दिलेल्या फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर असा दंड बँक किंवा वित्त कंपनी लावू शकत नाही.

त्याचा फायदा घ्या. सुरुवातीच्या फाईलमधल्या २५ लाखांच्या, साडेआठ टक्क्यांच्या कर्जात पहिल्या हप्त्यातले १७,७०८ रुपये व्याज आणि ३,९८८ मुद्दल असतं. पाच वर्षांत तुम्ही १३ लाख भरता आणि मुद्दल फिटलेलं असतं तीन लाखांच्या आसपास. दर दिवाळीला एक हप्ता जादा भरला तर २० वर्षांचं कर्ज साडेसोळा वर्षांत संपतं. पण आधी सहा हप्त्यांची रक्कम एफडीत बाजूला, मग जादा भरणा. हा क्रम उलटा करू नका. मुद्दलात भरलेला पैसा अडचणीत परत मागता येत नाही.

हप्ता चुकलाच तर: कॅलेंडर

लोक पहिला हप्ता चुकला की बँकेचा फोन घेणं बंद करतात. माझ्या टेबलावर आलेल्या घरांपैकी निम्मी तरी इथे हातची गेली, पैशांच्या अभावापेक्षा गप्प बसण्यामुळे. शाखेत गेलात तर पहिल्या तीस दिवसांत मॅनेजरच्या हातात बरंच काही असतं.

थकबाकीचा पहिला महिना, दुसरा, तिसरा, अशा तीन पायऱ्या बँक नोंदवते. ९० दिवस ओलांडले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडीताकडे गेलेलं. एनपीए व्हायच्या आधी मुदत वाढवून मागा, काही महिन्यांसाठी हप्ता कमी करून मागा, नोकरी गेल्याचं पत्र किंवा दवाखान्याची कागदपत्रं जोडा. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. दुसऱ्या बँकेत कर्ज वळवायचं असेल तर तेही आत्ताच. एनपीए झाल्यावर कुणी दारात उभं करत नाही. पर्सनल लोन काढून घराचा हप्ता भरू नका, त्याने विहीर खोल होते.

थकीत रकमेवर बँक आता दंडव्याज लावू शकत नाही, दंडाचे आकार वेगळे दाखवावे लागतात आणि ते मुद्दलात मिसळून त्यावर व्याज चढवता येत नाही. २०२४ पासून हा नियम आहे. स्टेटमेंट काढून तपासा. वसुलीवाल्याने सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. शिवीगाळ, नातेवाइकांना फोन, हे झालं तर आधी बँकेत लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

एनपीएनंतर २००२ चा सरफेसी कायदा लागतो. बँक कोर्टात न जाता घर ताब्यात घेऊ शकते, सहकारी बँकासुद्धा. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते स्पष्ट केलंय. आधी कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस येते. ती आली की रजिस्टर्ड पत्र परत पाठवू नका, घ्या. रकमेत चूक असेल, भरलेले हप्ते धरले नसतील, तर लेखी हरकत द्या. बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. थकीत रक्कम मुद्दल आणि व्याजाच्या २० टक्क्यांहून कमी उरली असेल तर हा कायदा लावता येत नाही, हेही तपासा.

साठ दिवस संपले की आधी प्रतीकात्मक ताबा: दारावर नोटीस, दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, त्यातलं एक मराठी. या वेळी तुम्ही घरातच असता. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. ताब्याविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. मग मूल्यांकन, राखीव किंमत (जिच्या खाली घर विकायचं नाही ती) आणि लिलावाची ३० दिवसांची नोटीस. लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्याआधी सगळे पैसे भरले तरच घर सोडवता येतं. २०१६ च्या दुरुस्तीनंतर पुढची दारं बंद झालीत. लिलावात जास्त रक्कम आली तर वरचे पैसे तुमचे, कमी आली तर उरलेलं कर्जही तुमचंच.

कर्ज पतसंस्थेचं असेल तर रस्ता वेगळा. तिथे सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो आणि वसुली अधिकारी जप्ती करतो. त्याविरुद्ध फेरतपासणीत जायचं तर वसुलीच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. रिझर्व्ह बँकेचा लोकपाल पतसंस्थेला लागू नाही, तक्रार उपनिबंधकांकडे.

घर राहत नाही हे दिसायला लागलं तर स्वतः विका. लिलावातली राखीव किंमत बाजारभावाच्या खालीच असते. ६० दिवसांच्या नोटिशीनंतर विकायला बँकेची लेखी संमती लागते, पण गिऱ्हाईक आणि त्याच्या बँकेचं मंजुरीपत्र घेऊन गेलात तर बहुतेक बँका देतात, त्यांनाही लिलावाची कटकट नको असते. विश्रामबागेतल्या त्या बाईंनी हेच केलं. नोटीस लागल्यावर सात आठवड्यांत मिरजेतल्या एका शिक्षकाने फ्लॅट घेतला, आमचं कर्ज आणि पतसंस्था दोन्ही फिटलं, वर दोन लाख ४० हजार उरले. त्यांतले निम्मे सोनं सोडवायला गेले. एकरकमी तडजोडीपेक्षाही, म्हणजे काही रक्कम एकदम भरून बँकेशी मिटवण्यापेक्षाही, हे बरं, कारण तडजोड झालेलं खातं सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जांच्या नोंदीत, "सेटल्ड" म्हणून बरीच वर्षं दिसतं.

कर्ज फिटल्यावर

शेवटचा हप्ता भरला की मूळ कागद ३० दिवसांत परत मिळाले पाहिजेत. उशीर बँकेचा असेल तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई, डिसेंबर २०२३ पासून. कागदांची यादी कर्ज घेतानाच सही-शिक्क्याची घेऊन ठेवलेली असली म्हणजे काय परत मागायचं ते कळतं. बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं उरलं नाही असं पत्र घ्या, दुय्यम निबंधकाकडे आणि सेरसाईत तारण उतरल्याची खात्री करा. सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर बोजा चढवलेला असेल तर तो आपोआप उतरत नाही. बेबाकी दाखला जोडून तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे किंवा सिटी सर्व्हे ऑफिसात अर्ज द्यावा लागतो, आणि नवा उतारा हातात येईपर्यंत दोन-तीन खेपा होतात.